मावशीची माय

ऑइलपेंटचा वास आला की वडीगोद्रीच्या आमच्या विहारातली ती दुपार आठवते. भिंतीवर कोणतं चित्र काढायचं हे ठरवायला आम्ही बाया सतरंजीवर बसलो होतो आणि नुसता कल्ला चालला होता. एकीला पिंपळ हवा होता, दुसरीला शाळेला निघालेल्या पोरी. शेजारच्या मावशीनं डोळे मिटून सांगितलं, "माझी माय काढा. उसाच्या फडात झोळीतल्या लेकराला झोका देती अन् मांडीवरल्या पाटीवर अक्षरं गिरवती." त्या मायचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता. मी लगेच मोबाइल काढून एआयला तिचे शब्द सांगितले. क्षणात चित्र आलं: चकचकीत ऊस, गोरीपान हसरी बाई. मोबाइल हातोहात फिरला आणि कल्ला एकदम थांबला. पिंपळाचं, पोरींचं कुणी नावच काढेना. "हेच काढा मंग," सगळ्या म्हणाल्या. मी मावशीला विचारलं, "अशीच होती का तुमची माय?" "न्हाई गं," म्हणत तिनं पुन्हा डोळे मिटले आणि दचकून उघडले. "आता हीच दिसून राह्यली. माझी कुठं गेली?" ते चित्र मी तिथंच डिलीट केलं. भिंतीवर शेवटी पिंपळ आला. मावशी अजूनही त्याच्यासमोर डोळे मिटून बसते. कोण दिसतं, हे विचारायचा मला धीर होत नाही.