आधी त्यांना विचारा

आळेफाट्याला विमलताईंच्या दुकानात कुणाचा ईमेल उघडला, की बाकीच्या गिऱ्हाइकांनी बाहेर जाऊन उभं राहायचं, असा कडक नियम आहे. ऑनलाइन अर्ज आणि झेरॉक्सचं ते दुकान जेमतेम खाटेएवढं. सातबाऱ्याचा उतारा काढायला आलेली माणसं उन्हात ताटकळतात, कुरकुरतात. ताई मान वर न करता म्हणतात, "दुसऱ्याचं वाचायची लई हौस असंल तर पेपर घ्या, राव."

निमगाव सावाच्या आमच्या शाळेतल्या जुन्या वर्गमित्रांचा मेळावा ठरला, तेव्हा आयोजक मीच होतो. पुण्याचा दत्ता येणार नव्हता. मी त्याला मुद्दाम बोलावलं नाही, अशी कुजबुज आमच्या ग्रुपवर सुरू झाली. खरं तर त्याने मला लांबलचक ईमेल लिहून कारण कळवलं होतं. नोकरी गेली होती, चारचौघांत यायची हिंमत नव्हती, घरीही अजून सांगितलं नव्हतं.

स्वतःवरचा आळ पुसायला मी तो ईमेल ग्रुपवर टाकायचं ठरवलं. फोनवर काही जमेना, म्हणून ताईंकडे गेलो. दत्ताला विचारलंय का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मेल मला आलाय, म्हणजे माझाच झाला.

"आलाय तुमाला, पण लिवलाय त्यांनी. आदी त्यांना विचारा."

मजकुरावर लिहिणाऱ्याचा हक्क राहतो, न विचारता तो चव्हाट्यावर मांडला तर प्रकरण अंगाशी येऊ शकतं, असं जुन्नरच्या एका वकिलांनी त्यांना समजावलं होतं. "आन कायदा ऱ्हाऊ द्या, भाऊ," त्या म्हणाल्या, "उद्या त्ये तुमाला मनातलं काय लिवतील का?"

मी चिडून शेजारच्या मोबाइलच्या दुकानातून पाच मिनिटांत काम करून घेतलं. माझ्यावरचा आळ गेला. पण ग्रुपवर दत्ताचा मेहुणाही होता. संध्याकाळपर्यंत बातमी दत्ताच्या बायकोपर्यंत पोचली. दत्ता ग्रुपमधून बाहेर पडला. मी मेसेज पुसला, पण तोवर सगळ्यांचं वाचून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी शरमेने ताईंपुढे उभा राहिलो. माफीचा मजकूर तुम्हीच नीट लिहून द्या, म्हणालो. एरवी साऱ्या पंचक्रोशीचे अर्ज लिहिणाऱ्या ताईंनी मला स्वतःची खुर्ची दिली. "ह्ये माज्या हातचं न्हाई. चुका झाल्या तर होऊ द्या, पण सोता लिवा." एकेक अक्षर शोधत मी तासभर लिहिलं. एकदा वाचून बघता का, असं विचारलं, तर त्यांनी मान फिरवली.

दत्ताचं उत्तर आलं नाही. महिन्याने फोन आला. बायकोने कसं सांभाळून घेतलं, ते बराच वेळ सांगत राहिला. तेव्हापासून तो फोन करतो. लिहीत मात्र नाही.

हे छापायला देण्याआधी मी त्याला सगळं वाचून दाखवलं. "नाव बदल," म्हणाला. बदललं आहे. मग ताईंनाही विचारलं.

"माजं हाय तसंच ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "आन लॅमिनेशनबी करून मिळतं, तेवढं त्यात लिवा."