शेकाचा विस्तव

पिंपळनेरात बाळंतिणीची मालीश आणि शेक म्हटलं की द्रौपदाक्काच. तोंडाने फटकळ, हाताने मऊ. बाजेखाली निखाऱ्यांचं घमेलं, त्यावर चिमूटभर ओवा, वर आई आणि लेकरू. डॉक्टर कितीही नको म्हणोत, आमच्याकडे शेकाशिवाय बाळंतीण उठत नाही.

गेल्या हिवाळ्यात पितांबरनानांनी द्राक्षबाग मोडली. तिचे हिरवट लाकडी खांब इतकी वर्षं जमिनीत राहिले, पण वाळवी लागली नव्हती. फुकट मिळतंय म्हटल्यावर अक्का थोडीच सोडणार! गाडीभर घरी आणले. वर मला, शेजारणीला, म्हणते, "आसं लाकूड मी कधी दखं नही. एकदाव पेटनं का इझसच नही."

शेकाला असाच विस्तव हवा. अक्काने आपल्या लेकीला, सपनाला, आणि तिच्या तान्हीला त्यावरच शेकलं. मग गल्लीतल्या जीनतला आणि तिच्या बाळालाही.

सपनाची पोर खोकू लागली. अक्का म्हणाली थंडी बाधली, आणि घमेल्यात आणखी दोन ढलप्या टाकल्या.

नाना टोपडं घेऊन बाळ बघायला आले. ढलप्या दिसताच त्यांचा चेहरा पडला. "अक्का, हाई जाळू नको! औषध मारेल लाकूड शे. त्याना धूरबी इख शे, राखबी."

"मंग खांब देवाना येळे का बरं नही सांगं तुम्हीन?"

"माले वाटनं, तू गोठाले लावशी."

मला त्यांचा असा संताप आला! खांब घेताना दुकानदाराने हातमोजे घालायला सांगितलं होतं, हे त्यांना पक्कं आठवत होतं. आम्हाला सांगायचं तेवढं राहून गेलं.

त्याच दुपारी सपनाला आणि तिच्या तान्हीला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. लाकडात आर्सेनिक असावं, अंगात किती गेलं ते तपासणीनंतर कळेल, असं डॉक्टर म्हणाले. अक्का तिथे बसून राहिली नाही. मला घेऊन एसटीने परतली आणि थेट जीनतच्या दारात गेली. मी वाटेत म्हटलं होतं, तिला मी सांगते. अक्काने नकारार्थी मान हलवली.

"या अक्का," जीनत हसून म्हणाली. बाळ तिच्या खांद्यावर होतं. "आज उशीर केलात."

"बेटा, मना हातनं चूक व्हयी गयी. ज्यावर तुले आन् बाळले शेकं, ते लाकूड इखारी व्हतं. आत्तेच दवाखानामा चाल."

बाळ खोकलं. अक्काने सवयीने त्याला घ्यायला हात पुढे केले. जीनत दोन पावलं मागे सरली आणि तिने लेकरू छातीशी घट्ट धरलं.