आखाडात सून कुठे होती

माझी सून टांझानियाची आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी अडखळायला नको. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात ती शिकायला आली. माझा मुलगाही तिथंच शिकत होता. पुढचं तुम्हाला कळलंच. लग्न होऊन ती अमरावतीला आमच्या घरी आली. वलगावच्या रस्त्याला आमचं थोडं शेत आहे, आणि तुरीवरची अळी माझ्याआधी तिला दिसते. मराठी ती अकोल्याच्या खानावळीत शिकली. म्हणून ती 'मला' म्हणत नाही, 'मले' म्हणते. पुण्याचे पाहुणे आले की हसतात. हसू द्या.

तिच्या इथं राहण्याला दरवर्षी सरकारची मुदतवाढ लागते. शिकायचा व्हिसा संपला, मग लग्नाचा मिळाला, आणि त्याची मुदत यंदा पोळ्याच्या आत संपणार होती. मुलानं सगळं कॉम्प्युटरवरून वेळेत भरलं. आता एक पोलीस घरी येईल, सून इथंच राहते की नाही पाहील, आणि काम होईल, असं तो म्हणाला.

पोलीस आला तो आखाडात.

आता आमच्याकडं काय असतं, की लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात सुनेनं सासूचं तोंड पाहायचं नाही. ती माहेरी जाते. माझ्या सासूनं मला पाठवलं होतं, तिच्या सासूनं तिला. आमच्या सुनेचं माहेर समुद्रापलीकडं. पण माझी धाकटी बहीण अकोल्याला राहते. सून शिकत होती तेव्हापासून रविवारी तिच्याच घरी जेवायची, लग्नात तिचं कन्यादानही बहिणीनंच केलं. बहीण म्हणाली, "माही लेक हाये ते. आखाडाले मीच नेईन." आणि घेऊन गेली. महिनाभर तिनं लेकीला पानगे काय, आंबाडीची भाजी काय, खाऊ घालून जाड करून ठेवली.

तर तो पोलीस आला. मी शेतावर, मुलगा नोकरीवर. शेजारणीनं त्याला सांगितलं, बाई आखाडाला अकोल्याला गेली. तो बरं म्हणाला आणि गेला.

आम्हाला वाटलं, झालं काम.

श्रावणात निरोप आला, तिघंही हजर राहा. परदेशी लोकांचे कागद पाहणारं ते कार्यालय. बाहेर बाकडं, आत टेबल, टेबलामागं साहेब. सून समोर उभी असताना त्यांनी मुलाकडं पाहून विचारलं, "हिला मराठी येतं का?"

"येते ना साहेब," सून म्हणाली. "तुमी मलेच विचारा."

साहेब हसले. मग कागद पुढं सरकवला. दिलेल्या पत्त्यावर सदर महिला राहत नाही, असं त्यावर लिहिलेलं. एवढंच. मुदतवाढ देता येत नाही, म्हणाले. मुदत संपायच्या आत तिनं देश सोडावा, तिकडून नवीन अर्ज करावा, मग येता येईल.

"किती दिवसांत येता येईल?" मुलानं विचारलं.

"ते आम्ही कसं सांगणार?"

मी म्हटलं, "साहेब, ते आखाडाले गेल्ती. माह्या बहिणीकडं. अकोल्याले."

"पत्ता बदलला की कळवायचं असतं, आजी."

"पत्ता कुठं बदलला? आखाड होता."

"आखाड म्हणजे माहेरी जायचं. हिचं माहेर अकोल्यात कसं?"

"तुमाले सून हाये?"

"आहे."

"पहिल्या आखाडात कुठं होती?"

"यवतमाळला. तिच्या घरी. ते वेगळं, आजी."

ते वेगळं. हा शब्द अजून माझ्या डोक्यात खिळ्यासारखा आहे. त्यांना सगळं समजत होतं हो. परका माणूस असता, आखाड न कळणारा असता, तर मी समजावून सांगितलं असतं. यांच्या घरात आखाड पाळतात, आणि माझ्या घरातला आखाड यांना खोटा वाटतो, कारण माझी सून काळी आहे आणि लांबून आली आहे. दुसरं कारण मला कुणी दाखवावं.

शेवटी ते म्हणाले, ती त्या काळात अकोल्यात होती असं अकोल्याच्या कार्यालयाचं पत्र आणा.

गेलो अकोल्याला. बहीण बरोबर आली. तिथला माणूस म्हणाला, बाईंची इथली नोंद शिक्षण संपलं तेव्हाच बंद झाली, आता त्या अमरावतीच्या. आम्ही अमरावतीच्या बाईंबद्दल काय लिहिणार? बहीण म्हणाली, "मी जिती उभी हावो ना इथं. माह्याच घरी होती. माह्या गल्लीले विचारा." तो म्हणाला, गल्लीला विचारायचा आदेश अमरावतीहून यावा लागेल. अमरावतीला परत आलो तर साहेब म्हणाले, आदेश आम्ही कशाला देऊ, पत्र आणायची जबाबदारी तुमची.

पुन्हा अकोला. पुन्हा मूर्तिजापूरवरून तीच बस, तेच खड्डे, आणि तिथं तेच उत्तर.

परतताना सून खिडकीशी बसली होती. बाहेर कपाशी छान हिरवी झाली होती. मग म्हणाली, "आई, माहं सामान जास्त नाही. एका बॅगेत मावते."

मला वाटलं बसमध्येच काहीतरी फेकून मारावं, पण मारणार कुणाला? तिला म्हटलं, "बॅगेले हात लावशील तर पाहून घे."

घरी मुलगा चिडून बसलेला. म्हणाला, "आई, तुह्या त्या आखाडापायी झालं हे सारं. घरी असती तर कायचा घोळ होता?"

मग मी त्याच्यावर घसरले. म्हटलं, "आखाड सगळ्या सुनाईले, मग हिलेच कावून नको? तुले असं वाटते का, ते पाहुणी हाये, तिले वेगळं ठेवावं? मग तुह्यात आन त्या साहेबात फरक काय?" तो उठून अंगणात गेला. जाऊ दिला. मी पाठवली होती आणि पुन्हा पाठवीन.

दुसऱ्या दिवशी मी त्या कार्यालयात गेले आणि बाकड्यावर बसले. बरोबर शेजारीण, अकोल्याहून आलेली बहीण, आणि सून. साहेबांना निरोप दिला, की घरी जो पोलीस आला होता त्याला बोलवा, तोवर आम्ही बसतो. शिपाई म्हणाला, "मावशी, असं नाही चालत." मी म्हटलं, "चालते का नाही ते पाहू. डबा आणलेला हाये." दुपार झाली. आम्ही तिथंच डबा उघडला. झुणक्याचा वास आत टेबलापर्यंत गेला असणार, कारण एकेक माणूस डोकावून जात होता.

संध्याकाळी तो पोलीस आला. चांगला पोक्त माणूस. शेजारीण उभी राहिली. "काहो दादा, मी तुमाले काय सांगतलं होतं त्या दिवशी?"

तो साहेबांकडं पाहत म्हणाला, "आखाडाले गेली म्हणून सांगतलं होतं."

"मग लिहिलं कावून नाही?"

"राहते का नाही राहते, एवढंच लिहायचं असते, बाई. आखाडाची जागाच नाही त्याच्यात. घरी नव्हती, म्हणून नाही राहत लिहिलं."

साहेबांनी तो कागद पुढं ओढून पुन्हा वाचला. मग म्हणाले, पुन्हा तपासणी करा.

तो पुन्हा घरी आला तेव्हा मी त्याला बसायला खुर्ची दिली, पण चहा टाकला नाही. आमच्याकडं दारात आलेल्याला चहा न देणं म्हणजे काय ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. त्यालाही समजलं. तो मान खाली घालून लिहीत बसला. एवढ्यात सून आतून चहा घेऊन आली. मी तिच्याकडं असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर माघारी फिरली असती.

"घ्या काका," ती म्हणाली. "मावशीच्या घरून आलेला गूळ हाये. अकोल्याचा." आणि तिथंच उभी राहिली, तो पूर्ण पिईस्तोवर.

मुदतवाढ आली. पोळ्याला एक दिवस राहिला होता. मोबाईलवर दोन ओळी, त्यात सॉरी नाही, काही नाही. मुलानं पेढे आणले. मी खाल्ला नाही. जे आमचंच होतं ते परत दिल्याचे पेढे कशाला? साहेबांनी तोंडी सांगितलं होतं, इथून पुढं बाई कुठंही मुक्कामाला जाणार असेल तर आधी चौकीत कळवायचं. माझ्या सख्ख्या लेकी वर्षातून चारदा येतात, त्यांच्या सासूला कुणी असं सांगितलेलं मी ऐकलं नाही.

दिवाळीला बहीण न्यायला आली. भाऊबीज, तिचे दोन्ही मुलगे वाट पाहत होते. पिशव्या भरल्या, आणि बसस्टँडवर जायच्या आधी आम्ही तिघी चौकीत गेलो. तोच पोलीस बसला होता. त्यानं रजिस्टर ओढलं.

"कुठं चालल्या?"

"अकोल्याले," सून म्हणाली.

"कारण?"

सुनेनं माझ्याकडं पाहिलं नाही, बहिणीकडंही नाही.

"माहेरी चालली," ती म्हणाली.

त्याचं पेन थांबलं. त्यानं मान वर करून मला पाहिलं, जसं काही माझी परवानगी पाहिजे.

"लिहा," मी म्हटलं. "आता जागा हाये ना त्याच्यात?"

त्यानं लिहिलं. मी चष्मा लावून वाचून घेतलं, आणि मगच त्या दोघींना बसमध्ये बसवून दिलं.