सणासाठी चालते ती गोळी

सकाळी आठला अमरावतीहून अकोल्याची एसटी धरली. मी, माझी थोरली बहीण आणि तिची एकोणीस वर्षांची मुलगी ऋचा. पाळी आली की ऋचा दोन-दोन दिवस जमिनीला खिळते. मागच्या वर्षी प्रॅक्टिकलच्या दिवशीच प्रयोगशाळेच्या दारात कोसळली आणि वर्ष गेलं. यंदाचं प्रॅक्टिकल पुढच्या सोमवारी. म्हणून नाशिकहून येऊन मीच अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली होती.

निघण्याआधी स्टँडबाहेर गिला वडा (दह्यात भिजवलेला वडा) खाल्ला होता. ऋचाने मात्र घासही घेतला नाही. बडनेऱ्यापुढे ती पोट धरून सीटवर आडवी झाली.

शेजारच्या आजींनी विचारलं, "काहून झोपून राहिली पोट्टी (मुलगी)?"

ताईने कानात सांगितलं, पाळी जवळ आली की हिचं पोट असंच दुखतं.

"हात्तिच्या! लगन झालं का सबन ठीक होते."

माझं डोकं फिरलं. हेच ऐकत आम्ही मूर्तिजापूर गाठलं आणि तिथे गाडी पंक्चर झाली. तासभर उन्हात. बाहेर दोन्ही बाजूंना कपाशी छान हिरवी होती, पण ती बघायला जीव थाऱ्यावर हवा ना!

अकोल्यात डॉक्टरीणबाईंनी पाळीच्या तारखा विचारल्या. ताई सण मोजू लागली. "पोळ्याआधी आली. चैत्रात ढकलली. नणंदेच्या लग्नातही ढकलली."

"ढकलली म्हणजे?"

"मेडिकलातून गोळी आणून देतो ना. सणात बाहेर बसून कसं चालन? आता महालक्ष्म्यांलेही (तिकडच्या गौरी) द्याची हाय."

मी कपाळावर हात मारला. बाईंनी सोनोग्राफी केली. हा आजार आहे, नाटक नाही, असं स्पष्ट सांगितलं. मनाने ढकलायच्या गोळ्या बंद करायला लावल्या आणि दुखण्यावर रोजची हार्मोनची गोळी लिहून दिली, मूल नको असलेल्या बायका घेतात तीच. तर ताई बिथरली!

"लग्नाआधी असल्या गोळ्या? नाई बा. पुढं मूल नाई झालं तं?"

बाई समजावू लागल्या, तेवढ्यात ऋचा उठून बसली. "आई, सणासाठी गोळी चालते, अन् माह्यासाठी नाई?"

ताईने बाईंच्या हातातली चिठ्ठी घेतली. औषध विकत घेतलं, पण परतीच्या गाडीत ती गोळ्यांचं पाकीट मांडीवर धरूनच बसली होती. बडनेरा आल्यावर हळूच म्हणाली, "अन् महालक्ष्म्यांतच आली तं?"

"त्याही बायाच हायेत ना, आई. त्यायले समजन."

ताईने पाण्याची बाटली उघडून तिच्या हातात दिली.

आज नाशिकला बसून हे लिहिते आहे आणि राग माझाच येतो आहे. आलं घालून चहा घे, सगळ्यांनाच दुखतं, असं फोनवर ऋचाला तीन वर्षं मीच सांगत होते.