सगळ्यांचं एकत्र मागवू

हॅलोविन आमच्या चिखलीच्या सोसायटीत तीन-चार वर्षांपूर्वी शिरलं. भोपळ्याच्या भाजीला तोंड वाकडं करणारी पोरं भोपळा कोरायला हौसेनं बसली, तेव्हा मला हसू आलं होतं. आता हॅलोविन म्हटलं की माझं डोकं फिरतं.

आमच्याकडे सगळं एकत्र मागवायची पद्धत आहे. आंबे, उटणं, कोजागरीचं दूध. एकीने पुढाकार घ्यायचा, बाकीच्यांनी तिच्या मोबाइलवर पैसे पाठवायचे आणि निवांत बसायचं. यंदा मुलांच्या भुताच्या कपड्यांचं काम माझ्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाईने घेतलं. परभणीकडची, नवरा महाळुंग्याला कंपनीत कंत्राटी कामाला. भाड्याने राहायला येऊन वर्षही झालं नव्हतं. हळदीकुंकवाला बोलावणं यायचं, पण तिच्याशी धड कुणी बोलायचं नाही. "आता मी बी तुमच्यातलीच झाले बघा ताई," ती मला म्हणाली. तिला या कामाचं केवढं अप्रूप होतं.

इन्स्टाग्रामवरची जाहिरात तिने ग्रुपवर टाकली आणि विचारलं, "सगळ्याजणी बघा बरं, बरोबर हाय का?" आम्ही सगळ्या शिकलेल्या, बँकेत, शाळेत, तळवड्याच्या आयटी पार्कात नोकऱ्या करणाऱ्या. "मस्त", "मागव मागव" एवढंच आम्ही लिहिलं. दुसरीने पाहिलं असेल, असं प्रत्येकीला वाटलं. उघडून पाहिलं असतं तर सगळं समोरच होतं. बाजारात मिळणार नाही इतकी कमी किंमत, दुकानाचा पत्ता नाही, खालच्या कमेंट बंद, माल आल्यावर पैसे द्यायची सोय नाही, वर "आजच भरा" अशी घाई. आणि पैसे दुकानाच्या नव्हे, कुठल्याशा माणसाच्या खात्यात जाणार होते.

कपडे आले नाहीत. मग ते पेजही दिसेना. घाबरून तिने इंटरनेटवर त्या दुकानाचा तक्रार नंबर शोधला. तोही त्याच जातीचा. पलीकडचा माणूस गोड बोलला, पैसे परत मिळतील म्हणाला, एक क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाकायला लावला. पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या खात्यातले स्वतःचे पैसेही गेले. त्या हलकटांची जीभ झडो, असं मी तेव्हा म्हणाले आणि आजही म्हणते.

पण खरा संताप आला तो आमच्या ग्रुपवर. "हिशोब द्या." "भाडेकरूंच्या हातात पैसे द्यायलाच नको होते." एकीने तर लिहिलं, गावाकडे दिवाळी जोरात झालेली दिसते. माझा नवरासुद्धा चहा पिता पिता म्हणाला, "तिने खाल्ले नाहीत कशावरून?" मी कप उचलून नेला. चहा अर्धा होता, राहू दे म्हटलं.

मी तिला घेऊन सायबर पोलिसांकडे तक्रार केली. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आणि तक्रारीची पावती ग्रुपवर टाकली. "तक्रार काय, कुणीही करतं," असं उत्तर आलं. चोर कुठे बसलाय ते कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून हाताशी सापडली तिलाच चोर करून टाकलं.

हॅलोविनच्या संध्याकाळी पोरं जुन्या चादरी पांघरून, तोंडाला पावडर फासून चॉकलेटं मागत दारोदार निघाली. समोरच्या दाराबाहेर तिने रांगोळी काढली होती, भोपळ्याची. पोरं आमच्या मजल्यावर आली, माझ्याकडून चॉकलेटं घेतली आणि समोरचं दार सोडून जिन्याने वर गेली. मी माझ्या मुलीला थांबवलं. ती म्हणाली, "आई, त्या काकूंकडे जायचं नाही. सगळ्यांच्या आयांनी सांगितलंय."

मुलीचा हात धरून मी समोर गेले आणि बेल वाजवली. दार उघडलं नाही. आतून तिचा आवाज आला.

"देते ओ ताई, ह्यांचा पगार झाला की सगळ्यांचे देते."