उंबऱ्यावरचा नाका

ज्या घरात कुणी नाणी जमवतं, त्या घरात नाण्यांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. नाणी निदान डब्यात राहतात. किस्से कुठं ठेवायचे? ते फडताळात सापडतात, तुळशीपाशी सापडतात, भाजी निवडता निवडता सुपात पडतात!

माझे सासरे, म्हणजे मामंजी, गेले आणि त्यांचा नाण्यांचा पितळी डबा मागं राहिला. तेव्हापासून माझी झोप उडाली. डब्यामुळं नाही, शकूमुळं. शकू माझी लेक, पाच वर्षांची. आजोबा कुठं गेले, असं तिनं विचारलं तेव्हा मी घाबरून सांगितलं, "वाशीमला." वाशीम माझं माहेर, तेच तोंडात आलं! मी सातवी पास. मुलांना खोटं सांगू नये, असं शाळेच्या पुस्तकात वाचलेलं, त्यावर निबंधही लिहिलेला.

आणि घरात ठरत होतं, की डब्यातली चांदी वितळवायची आणि लग्नात कमळावन्संच्या पायात तोडे घालायचे. कमळावन्सं माझी धाकटी नणंद; मामंजींना त्या आबा म्हणायच्या. वसमतच्या व्याह्यांनी चांदीच्या तोड्यांची अटच घातली होती. आजोबा परत यायच्या आधी डबा रिकामा झाला, तर शकूला काय सांगायचं? मी आढ्याकडं बघत पडून राहायची.

*

मामंजी कनेरगावच्या नाक्यावर कारकून होते. अलीकडं निजामाचा मुलूख, पलीकडं इंग्रजांचं वऱ्हाड, मध्ये एक आडवा बांबू. अलीकडं हाली रुपया, पलीकडं कलदार. बैलांच्या घुंगरांचा आवाज आधी यायचा, मग धूळ, मग गाडी. मामंजी विचारायचे, "कुठून आले? कुठं चालले? सोबत काय?"

आणि शेवटी, "विकायचं हाय का घरचं?"

विकायच्या मालावर जकात. घरच्यावर काही नाही. गाडीवान "घरचं" म्हणाला आणि मामंजींना पटलं, की ते बांबूकडं हात करायचे, "जाने दो!"

कुणी निराळंच नाणं दिलं, झिजलेलं, भोक पाडलेलं, कुठल्या लांबच्या संस्थानातलं, की मामंजी आपल्या खिशातलं चालू नाणं सरकारी पेटीत टाकत आणि ते घरी आणत. पगाराच्या दिवशी सासूबाई विचारत, "पगार कुठंय?"

मामंजी मूठ उघडत. त्यातल्या ऐवजाला बाजारात कुणी मेथीची जुडीही दिली नसती!

"याचं काय करू मी?"

"लई दुरून आलंय बिचारं," मामंजी म्हणत. "बसू दे की जरा."

*

नाणं घेताना मामंजी ते दगडावर वाजवून बघत. डोळे मिटून. चांदीचा आवाज हवेत विरून जाईपर्यंत ऐकत राहायचे. मागं गाड्यांची रांग लागली तरी!

एकदा मेंढरं घेऊन एक म्हातारा धनगर आला. त्यानं कंबरेच्या चंचीतून रुपया काढून दिला. मामंजींनी वाजवला. बद्द! सरळसरळ खोटा. शिपाई काठी सावरून पुढं आला. मामंजींनी म्हाताऱ्याकडं पाहिलं. मेंढरू विकून हाती आलेला पहिलाच रुपया असावा तो. म्हातारा हसत उभा होता, आपल्याजवळ रुपया आहे याच कौतुकात.

मामंजींनी आपला रुपया पेटीत टाकला. "जाने दो!"

शिपाई म्हणाला, "साहेब, बराबर वाजला न्हाई तो."

"रुपया न्हाई वाजला," मामंजी म्हणाले. "माणूस वाजला की!"

तो खोटा रुपया डब्यात सगळ्यात वर असायचा.

*

एका दिवाळीत लक्ष्मीपूजनाला सासूबाईंनी अख्खा डबा रिकामा केला. चिंच, राख, काथ्या. दुपारभर घासत बसल्या. अंगणात सूपभर नाणी वाळत पडली, उन्हात नुसतं चांदणं! मलाही वाटलं, काय छान. आरोग्याच्या दृष्टीनंही योग्यच.

मामंजी आले, सुपाशी उकिडवे बसले. एकेक नाणं उचलून बघितलं, आणि जेवायलाच उठले नाहीत.

"काहून रुसले आता?" सासूबाई म्हणाल्या. "सोच्छच तर केले!"

"माझ्या माणसायची तोंडं पुसून टाकली तू," मामंजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी गुपचूप सगळ्या नाण्यांना तेलाचा काळपट हात लावून ठेवला. आपल्या परीनं तोंडं परत दिली!

*

शकू तान्ही असताना तिची बेंबी फुगायची. मी घाबरून रडायला बसले. सासूबाईंनी डब्यातला राणीछाप रुपया काढला, फडक्यात गुंडाळला आणि तिच्या बेंबीवर बांधून टाकला. माझं रडणं थांबलं आणि दुसरीच काळजी सुरू झाली. "मामंजी, पोरीच्या पोटावर राणीचा छाप उमटला तर?"

मामंजींनी गंभीरपणे विचार केला. "चांगलंच हाय. नाक्याच्या दोन्ही बाजूला चालंल पोरगी!"

बेंबी बसली. छाप उमटला नाही. तरी मी बरेच दिवस आंघोळ घालताना बघायची.

*

मामंजी गेल्यावर डब्याचं काय करायचं, यावर सगळ्यांनी मतं दिली. आमचे हे मास्तर आहेत. ते म्हणाले, "हैदराबादच्या अजबखान्यात पाठवू. अभ्यासू लोक बघतील."

सासूबाई म्हणाल्या, "जन्मभर एक अजबखाना सांभाळला म्या. आता पोरीचे तोडे करा!"

मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, "मला दोन्ही पटतंय." शिक्षणानं माणसाचं असं होतं.

*

त्याच दिवसांत शकूनं उंबऱ्यावर नाका उघडला. मामंजींची काठी दारात आडवी धरून बसायची, शेजारी डबा. पाणी भरून येणाऱ्या सासूबाईंनासुद्धा सुटका नव्हती.

"कुठून आले?"

"आडावरून आले, माय! डोक्यावर घागर हाय, सोड!"

"विकायचं हाय का घरचं?"

"घरचं गं!"

"जाने दो!"

दुपारी रस्ता सामसूम असायचा. तेव्हा ती एकेक नाणं उंबऱ्यावर वाजवायची, डोळे मिटून ऐकायची, आणि मग वाशीमच्या रस्त्याकडं बघत बसायची. मी चुलीपाशी बसून ते विरत जाणारे आवाज ऐकायची. पोर वाट बघून राहिली होती, माझ्या एका शब्दावर.

शेवटी मी तिच्याजवळ बसले. "शकू, आजोबा वाशीमला नाही गेले. त्याच्याही पलीकडं गेले. तिथून कुणी परत येत नाही."

तिनं काठी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "जाताना सोबत काय होतं त्यायच्या?"

"काही नव्हतं गं."

"मंग नाक्यावर कुणी थांबवलं नसंल," ती म्हणाली आणि पुढचं नाणं वाजवलं.

*

गोरेगावहून सोनार आला. ओसरीवर फडकं अंथरलं, डबा ओतला. खोटा रुपया त्यानं बोटानं बाजूला सारला; शकूनं तो लगेच मुठीत घेतला. सोनार म्हणाला, "बाकी चांदी झकास हाय. तोडे वजनदार होतील."

कमळावन्सं दाराआड उभ्या होत्या. लग्न ठरल्यापासून त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. त्या एकदम बाहेर आल्या.

"आबाला पायात कसं घालू मी?"

सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. सोनारानं फुंकणी खाली ठेवली. "मंग हमेल करू," तो म्हणाला. "एकेका नाण्याला कडी लावतो, गोफात ओवतो. वितळवायचंच काम न्हाई. गळ्यात राहील."

"व्याही काय म्हणतील?" मी विचारलं. कुणीतरी विचारायला हवंच होतं!

सासूबाई म्हणाल्या, "म्हणू दे."

*

आणि व्याही म्हणालेच. लग्न लागलं, जेवणं झाली, दारात गाडी जुंपली. सुनेचे पाय बघून व्याह्यांचा चेहरा उतरला. "तोडे ठरले होते," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "जबान म्हणून काही असती का न्हाई?" आमच्या ह्यांनी हात जोडले. चांदी तितकीच आहे, फक्त गळ्यात आहे, असं सांगू लागले. व्याही ऐकेनात. सासूबाई खांबाला टेकून उभ्या राहिल्या. वन्संनी हमेल मुठीत घट्ट धरली होती. आता गाडी सुटते की बैल सुटतात, मला कळेना.

व्याही रागारागानं माजघरातून बाहेर निघाले, वन्सं मागं. आणि दारातच थांबले. उंबऱ्यात काठी आडवी होती.

"कुठून आले?" शकूनं विचारलं.

मी पुढं धावले, पण सासूबाईंनी माझा हात धरला.

व्याह्यांनी इकडंतिकडं पाहिलं. वऱ्हाडी हसायला लागले होते. "वसमतहून," ते म्हणाले.

"कुठं चालले?"

"वसमतला."

"सोबत काय?"

"सून हाय माझी."

शकूनं मान वर करून आत्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. "विकायची हाय का घरची?"

हसणं थांबलं. बाहेर बैलांनी मान हलवली तेवढे घुंगरू वाजले. व्याह्यांनी एकदा वन्संकडं पाहिलं. डोक्यावरचा फेटा नीट केला. घसा खाकरला.

"घरची," ते म्हणाले. "घरची हाय, बाई."

शकूनं मुठीतला खोटा रुपया उंबऱ्यावर टाकला. डोळे मिटून ऐकला. मग काठी उचलून बाजूला धरली.

"घरच्यावर काही लागत न्हाई. जाने दो!"