भामाक्काचा भंडारा

आमच्या माळाला सरकारच नव्हतं. पूर्वेचा हद्दीचा धोंडा इंग्रजांचा, पश्चिमेचा जत संस्थानचा, आणि मधला दीड कोस दोघांच्याही नकाशात नाही. संस्थानचे शिपाई आपल्या धोंड्यापाशी उभे राहून शिव्या द्यायचे, इंग्रजांचे आपल्या धोंड्यापाशी. पुढं पाऊल टाकायची एकाचीही छाती नव्हती. मग दोन्हीकडचे चोर आमच्या माळावर जावयासारखे येऊन राहत.

तरी त्या माळावर आम्ही मेंढक्यांची नऊ घरं नांदलो, ती भामाक्कामुळं. भामाक्का म्हणजे हरिबा मेंढक्याची विधवा. उंचीनं माझ्या खांद्याला लागायची, पण कमरेला आमच्या देवाच्या, बिरोबाच्या भंडाऱ्याची, म्हणजे हळदीची पिशवी. तंटा झाला की समोरच्याला मुठीत भंडारा घ्यायला लावायची आणि म्हणायची, "आता बोल." खोटा भंडारा उचलणाऱ्याचं वाटोळं होतं, हे दरोडेखोरसुद्धा मानत. जो दोषी ठरेल त्याला शिक्षा एकच: माळावरच्या कुठल्याही घरानं त्याला पाणी द्यायचं नाही. आमच्याकडच्या उन्हात तेवढी पुरे होती.

चव्वेचाळीसच्या चैत्रात माझी सात मेंढरं गेली. कुत्रं भुंकलं नव्हतं, म्हणजे चोर ओळखीचा. माझं डोकं आधीच तापट. पलीकडच्या बाजारात भामाक्काचा पोरगा ज्योतिबा मेंढरं हाकताना दिसला, एवढं कुणीतरी सांगितलं आणि मी चारचौघांत त्याचं नाव घेऊन मोकळा झालो.

सगळे भामाक्काच्या दारात जमले. ज्योतिबा म्हणाला, "उचलतो की भंडारा. मला काय भ्या हाय?" तो उचलणार हे मला दिसत होतं. उचलला असता तर सुटला असता. पुढं कुणी ब्र काढायचा नाही, असा माळाचा कायदाच होता.

भामाक्कानं पिशवी मागं ओढली आणि पदराची गाठ सोडली. आत मेंढरांच्या कानांचे सात तुकडे होते, राखेनं माखलेले. प्रत्येक घराची खाच कानावर वेगळी असते. मेंढरू चोरलं की चोर आधी ती खाच छाटून टाकतो. त्या तुकड्यांवर माझी खाच होती.

आता हे तुकडे बाहेर कुठंही फेकता आले असते. पण कानाचा तुकडा उघड्यावर टाकला तर कुत्रं खातं आणि मेंढराच्या चवीला लागतं, म्हणून तो चुलीच्या राखेत पुरायचा, ही भामाक्काचीच शिकवण. चोरी करतानाही पोरानं ती मोडली नव्हती.

मग तिनं स्वतःच भंडारा उचलला. "हे माझ्या चुलीत घावलं. माझ्या ज्योतिबानं ह्या कृष्णाताची मेंढरं चोरली. खोटं असंल तर बिरोबानं माझं डोळं न्यावं."

मी पुढं झालो. "आवं आक्का, ऱ्हाऊ द्या. गेली मेंढरं तर गेली."

"तुला मेंढरांचं पडलंय व्हय रं? ह्यो खोटा भंडारा उचलत हुता. बिरोबानं ह्याला सोडला असता का? आन् उद्या ह्या माळावर कुणी कुणाचं ऐकलं असतं?"

दुपार होईपर्यंत ज्योतिबा बाहेर उन्हात बसून राहिला. शेवटी म्हणाला, "आये, घोटभर पाणी तरी दे." कुणीच हललं नाही. ती तर अजिबात नाही.

थोड्या वेळानं ती उठली. भंडाऱ्याची पिशवी सोडून जावेच्या, दगडाबाईच्या ओटीत घातली. भरलेली घागर डोक्यावर घेतली.

"आक्का, कुठं निघालीस?" दगडाबाई रडायला लागली.

"माळावरच्या घरानं पाणी द्यायचं न्हाई. आता मी माळावरची न्हाई." आणि पोराला म्हणाली, "ऊठ. चल."

सात मेंढरांपायी मी माळाची आई घालवली, हे तेव्हाच कळलं आणि अजून जाळतं.

पूर्वेच्या धोंड्यापलीकडं गेल्यावर तिनं घागर उतरवली. ज्योतिबा तिथंच गुडघ्यावर बसला आणि ती ओतत होती तसं ओंजळीनं पीत राहिला. अलीकडं आम्ही सगळे उभे होतो, शिपाई उभे राहत तसे. पुढं पाऊल टाकायची एकाचीही छाती झाली नाही.